गोळ्या चालू आहेत

एचआयव्हीबद्दल मराठीत आजवर जे छापलं गेलं, भिंतींवर रंगवलं गेलं, माइकवरून सांगितलं गेलं, ते बहुतांशी एचआयव्ही नसलेल्या माणसासाठी होतं. एसटी स्टँडच्या भिंतीवरची लाल रिबीन, १ डिसेंबरची प्रभातफेरी, कॉलेजातली निबंध स्पर्धा, पथनाट्यातला यमराज, ट्रक थांब्यावरचे फलक. सगळ्यांचा रोख एकच : स्वतःला जपा, लागण होऊ देऊ नका. हे सांगणं गरजेचं होतं, आजही आहे. पण ज्याला लागण झालेली आहे, ज्याच्या गोळ्या बारा-पंधरा वर्षं चालू आहेत, ज्याला उद्या कांदे काढायला जायचंय आणि यंदा पोरीच्या लग्नाचं बघायचंय, तो माणूसही त्याच भिंतीसमोरून रोज जातो. तिथे त्याच्यासाठी एक ओळ नसते. असलीच तर त्याच्याकडे बोट दाखवणारी असते.

हे पुस्तक त्या माणसाशी बोलतं.

अशी माणसं थोडीथोडकी नाहीत. देशात एचआयव्हीसह जगणाऱ्यांची संख्या सुमारे २५ लाख धरली जाते आणि राज्यांच्या यादीत आकड्यानं महाराष्ट्र सगळ्यात वर आहे. प्रमाण म्हणून पाहिलं तर ईशान्येकडची मिझोरम, नागालँड ही राज्यं पुढे आहेत, पण माणसं मोजायची तर ती आपल्याकडे जास्त. मोफत उपचार सुरू झाले तेव्हा तिशीत असलेली बाई आज पन्नाशी ओलांडून गेली. तिच्या डॉक्टरांनी तेव्हा तिला 'बघू या' एवढंच सांगितलं असेल. आता ती चष्मा लावते, गुडघे दुखतात म्हणून कुरकुरते, सुनेशी तिचे खटके उडतात. या बाईला 'एड्स म्हणजे काय' हे समजावून सांगणारं पुस्तक काय कामाचं? तिला विचारायचंय ते वेगळंच : कॅल्शियमची गोळी एआरटीबरोबर, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्यांबरोबर, घेतली तर चालते का? साखर वाढली ती कशानं? सुनेला सांगावं का?

पुस्तकाची भूमी नाशिक जिल्ह्यातल्या नांदगाव तालुक्याची आहे, आणि ती विचार करून निवडलेली आहे. या तालुक्यात मनमाड आहे : रेल्वेचं मोठं जंक्शन, पुणे-इंदूर रस्त्यावरचं गाव, अन्न महामंडळाची गोदामं. जवळच पानेवाडीला इंधनाचे डेपो, तिथून भरलेले टँकर लांबलांबच्या जिल्ह्यांत जातात. दुसऱ्या अंगाला कोरडवाहू गावं आणि तांडे, जिथली कितीतरी कुटुंबं दिवाळी झाली की कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात आणि उन्हाळ्यात परततात. थोडक्यात, माणसं सतत हलती. एड्सच्या पहिल्या काळात अशा भागाकडे 'धोक्याची जागा' म्हणूनच पाहिलं गेलं, ड्रायव्हर मंडळींकडे तर फारच. त्या नजरेतून एक गोष्ट सुटली. लागण रस्त्यावर थांबली नाही, ती घरी आली, आणि घरी ज्या बाईपर्यंत पोचली तिनं कित्येकदा तालुक्याची वेससुद्धा ओलांडलेली नव्हती. एआरटी केंद्राच्या बाकावर बसलेल्या कितीतरी जणींनी आयुष्यात पत्करलेला सगळा 'धोका' म्हणजे त्यांचं लग्न. त्यातल्या अनेकींचे नवरे औषध मिळण्याआधीच गेले, आणि नवऱ्याला हिनंच खाल्लं असं त्यांनी सासरी ऐकून घेतलं.

नवख्या वाचकासाठी इथवरचा प्रवास सांगायला हवा. भारतातली गोष्ट सुरू होते मद्रासला, आणि तिच्यात एक मराठी नाव आहे. डॉ. सुनीती सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे, मद्रासमध्ये चामड्याचा व्यापार करणाऱ्या मराठी घरातल्या. १९८६ मध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली डॉ. सेल्लप्पन निर्मला या तरुण संशोधिकेनं देहविक्री करणाऱ्या स्त्रियांचे रक्ताचे नमुने गोळा केले आणि देशातली पहिली लागण नोंदली गेली. पुढे डॉ. सॉलोमन यांनी वडिलांच्या नावानं 'वाय. आर. गायतोंडे' केंद्र काढलं, जे वायआरजी केअर म्हणून ओळखलं जातं. त्या वेळी इतर दवाखाने दारातून परत पाठवत होते त्या माणसांना या केंद्रात खुर्ची मिळत होती. या विषयातलं पहिलं औषध ते, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

सरकारची पहिली प्रतिक्रिया मात्र भीतीची होती. गोव्यात १९८९ मध्ये नियमित रक्तदान करण्यातून लागण कळलेल्या डॉमिनिक डिसूझा या तरुणाला पोलिसांकरवी उचलून म्हापशाच्या जुन्या क्षयरोग रुग्णालयाच्या इमारतीत डांबण्यात आलं. दोन महिने तो तिथे एकटा होता. गुन्हा काही नव्हता. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तशी तरतूदच करून ठेवली होती. त्याच्या आईनं, लुसी डिसूझा यांनी, न्यायालयात धाव घेतली. सुटून आल्यावर डॉमिनिकनं 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली आणि १९९२ मध्ये तो गेला. एचआयव्ही असलेला माणूस स्वतःच्या नावानिशी, स्वतःच्या तोंडानं बोलतो, हे आपल्या बाजूला पहिल्यांदा इतक्या ठळकपणे तिथे घडलं.

तोवर औषध होतं, पण अपुरं. एझेडटी (झिडोव्युडिन) १९८७ मध्ये आलं, एकट्यानं ते फार काळ पुरत नसे. विषाणू त्याला सरावायचा. १९९६ च्या सुमारास तीन औषधं एकत्र देण्याची पद्धत आली आणि श्रीमंत देशांतल्या रुग्णालयांत अंथरुणाला खिळलेली माणसं उठून घरी जाऊ लागली. तीन का? विषाणू स्वतःच्या नकला करताना सारख्या चुका करतो, त्यातली एखादी चूक एखाद्या औषधाला दाद देत नाही. पण एकाच वेळी तिन्ही वाटा अडवल्या तर त्याला निसटायला फट उरत नाही. रोज, न चुकता गोळी घ्यायची ती याचसाठी. गोळी चुकली की रक्तातलं औषध पातळ होतं, आणि सरावाला लागणारी सवड विषाणूला मिळते.

या उपचाराचा वर्षाचा खर्च तेव्हा माणशी दहा ते पंधरा हजार डॉलर होता. हा आकडा खाली कोसळला तो मुंबईतून. सिप्लाचे डॉ. युसूफ हमीद यांनी फेब्रुवारी २००१ मध्ये तीन औषधांचा वर्षाचा उपचार ३५० डॉलरला देऊ केला. हे जमलं, कारण १९७० च्या आपल्या पेटंट कायद्यानं औषधाच्या कृतीला पेटंट दिलं होतं, औषधाला नव्हे. वेगळ्या कृतीनं तेच औषध बनवायला मोकळीक होती. आफ्रिकेतली लाखो माणसं आज जिवंत आहेत त्यात आपल्याकडच्या कारखान्यांचा वाटा मोठा आहे. या गोष्टीचा अभिमान आपल्या शालेय पुस्तकांत का नसावा, हे मला अजून कळलेलं नाही.

गंमत, खरं तर विटंबना, अशी की इथे बनलेली गोळी इथल्या माणसाला सरकारी दवाखान्यात फुकट मिळायला १ एप्रिल २००४ उजाडावा लागला. सुरुवात आठ रुग्णालयांत झाली, महाराष्ट्रात मुंबईच्या जे.जे.मध्ये. नांदगावहून पाहिलं तर याचा अर्थ काय होता? मनमाडला जाऊन पहाटेची पंचवटी पकडायची, जे.जे.ची रांग लावायची, कागद पुरे नसले तर पुन्हा यायचं, आणि गावात विचारलं तर 'पोटाचं दाखवायला गेलो होतो' म्हणायचं. मजुरी बुडायची ती वेगळीच. पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत केंद्रं निघाली, नाशिकच्या सिव्हिलमध्ये सोय झाली, स्थिर झालेल्या माणसाला तालुक्याच्या पातळीवर गोळ्या देणारी लिंक केंद्रं आली. अंतर कमी झालं तशी माणसं टिकली. उपचारांच्या इतिहासात औषधांची नावं येतात, एसटीच्या तिकिटाचं नाव कुणी काढत नाही. पण इतकी माणसं जगली ती दोन्हींमुळे.

एक चूक फार महागात गेली. सुरुवातीची बरीच वर्षं सीडी-४ पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, २०० च्या खाली आल्याशिवाय गोळ्या सुरू करत नसत. नंतर ही रेषा ३५० वर गेली, मग ५०० वर. 'तुमचं सीडी-४ चांगलं आहे, सहा महिन्यांनी या,' असं ऐकून गेलेली माणसं पुष्कळदा आलीच नाहीत. आली ती टीबी घेऊन. लवकर सुरू केलेल्या उपचारानं जीव वाचतात हे मोठ्या चाचण्यांनी २०१५ मध्ये दाखवून दिलं आणि २०१७ पासून आपल्याकडे लागण कळली की आकडा न बघता उपचार, हे धोरण झालं.

औषधंही बदलली. पहिल्या पिढीतल्या स्टॅव्युडिननं जीव वाचवले, पण वर्षा-दोन वर्षांत गाल बसत, हातापायांच्या काड्या होत, तळव्यांना मुंग्या येत. झिडोव्युडिननं रक्त कमी होई. एफाव्हिरेन्झ घेणाऱ्यांना रात्री चित्रविचित्र स्वप्नं पडत. काही जण ती मजेनं सांगत, काहींची झोपच उडे. स्टॅव्युडिनचं तर लोकांनी मनातच धरलं, कारण ते चेहऱ्यावर दिसे. गावात चार बसलेल्या गालांची माणसं झाली की पाचव्याला कुणी विचारायची गरज उरत नसे. आज बहुतेकांना मिळते ती टीएलडी, म्हणजे टेनोफोव्हिर, लॅमिव्युडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर, दिवसाला एक गोळी. २०२० पासून ती आपल्याकडे सर्रास आली. जुन्या मंडळींना ही गोळी फार सौम्य वाटते. वजन वाढतं, काहींना झोप कमी येते, टेनोफोव्हिर असल्यानं मूत्रपिंडावर लक्ष ठेवावं लागतं. लोह, कॅल्शियम किंवा अँटासिडची गोळी तिच्या वेळेला घेतली तर डोल्युटेग्रॅव्हिर नीट शोषलं जात नाही, हे मात्र औषधाच्या दुकानातला पोरगा सांगत नाही.

या विषयात आपल्याकडे विचारांची चार-पाच घराणी आहेत, आणि ती एकमेकांशी नेहमी गुण्यागोविंदानं नांदली असं नाही. पहिलं सरकारी कार्यक्रमाचं. १९९२ मध्ये नॅको, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, स्थापन झाली. तिची भाषा टप्प्यांची, लक्ष्यांची, टक्क्यांची. तिच्यावर टीका करणं सोपं आहे, पण लाखो माणसांना वर्षानुवर्षं फुकट औषध पुरवणं हे काम दुसऱ्या कुणाला झेपलं नसतं. दुसरं घराणं सांगलीचं म्हणता येईल. तिथे १९९२ पासून 'संग्राम'नं आणि पुढे 'वेश्या अन्याय मुक्ती परिषदे'नं असा आग्रह धरला की ज्या बायकांना कार्यक्रम 'लक्ष्य गट' म्हणतो त्यांनीच तो चालवावा. गोकुळनगरच्या बायका निरोध वाटत होत्या, पोलिसांशी भांडत होत्या आणि पुढे एकमेकींच्या गोळ्यांवर लक्षही ठेवू लागल्या. तिसरं घराणं समुपदेशनाचं. पुण्याच्या 'प्रयास'चं काम या वळणाचं : माणसाला बसवून घ्यायचं, घाई करायची नाही, आजाराबरोबर घर, अंथरूण, मूल यांबद्दलही बोलायचं.

चौथं आश्रयाचं. नगरचं 'स्नेहालय', औसा तालुक्यात हासेगावला रवी बापटले यांनी उभं केलेलं 'सेवालय'. आईबाप गेलेली, नातेवाइकांनी नाकारलेली मुलं इथे वाढली. २००९ मध्ये हासेगावच्या शाळेत सेवालयाची मुलं बसतात म्हणून गावातल्या पालकांनी आपली पोरं काढून घेतली होती, ही बातमी तेव्हा राज्यभर गाजली. या संस्थांवर माझा एक आक्षेप आहे, आदर ठेवूनच. देणगीदारांपुढे मुलाला उभं करून त्याचं दुःख सांगण्याची सवय या क्षेत्राला लागली. ते मूल आता वीस-पंचवीस वर्षांचं आहे, नोकरी शोधतंय, आणि त्याचा तो फोटो अजून फिरतोय.

पाचवं घराणं हक्काचं. एचआयव्ही आहे एवढ्यावरून, काम करायला सक्षम असलेल्या माणसाला नोकरी नाकारता येणार नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयानं 'एमएक्स विरुद्ध झेडवाय' या खटल्यात १९९७ मध्ये दिला. त्या कामगाराला न्यायालयानं नाव लपवून दाद मागू दिली, हे निकालाइतकंच मोलाचं. मुंबईच्या 'लॉयर्स कलेक्टिव्ह'नं याच धाग्यावर कायद्याचा मसुदा केला आणि बरीच वर्षं रखडून २०१७ मध्ये तो कायदा झाला; अंमल १० सप्टेंबर २०१८ पासून. संमतीशिवाय चाचणी नाही, संमतीशिवाय कुणाला सांगणं नाही, नोकरीत, शाळेत, दवाखान्यात भेदभाव नाही. शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमायचा, आणि आरोग्यसेवेच्या ठिकाणी वीस माणसं असली तरी. नांदगाव-मनमाडच्या किती खासगी दवाखान्यांच्या भिंतीवर अशा अधिकाऱ्याचं नाव लावलेलं आहे, हे वाचकानं जाता-येता बघावं.

आणि एक सहावं घराणं, ज्याला पुस्तकात जागा दिलेली नाही : हमखास बरं करणाऱ्यांचं. पुड्या, काढे, भस्मं, तीन महिन्यांचा कोर्स. विषाणू शरीरातल्या काही पेशींच्या जनुकसाखळीत जाऊन दडून बसतो. गोळ्या त्याला वाढू देत नाहीत, पण त्या दडलेल्या साठ्यापर्यंत पोचत नाहीत. म्हणून गोळ्या थांबवल्या की काही आठवड्यांत तो परत वर येतो. हे ज्याला कळलं तो गोळ्या बंद करून पुडी घ्यायला धजावणार नाही.

आता या पुस्तकाची निकड का, ते सांगतो. गेल्या पंधरा वर्षांत या विषयातलं सगळ्यात मोठं ज्ञान जे मिळालं ते भीतीच्या मुळावरच घाव घालणारं आहे, आणि तेच नेमकं गावात पोचलेलं नाही. एचपीटीएन ०५२ या आंतरराष्ट्रीय अभ्यासात, ज्यात पुण्याजवळ भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतही जोडपी सहभागी होती, २०११ मध्ये दिसलं की बाधित जोडीदारानं लवकर उपचार सुरू केले तर दुसऱ्याला लागण होण्याचं प्रमाण ९६ टक्क्यांनी घटतं. पुढे युरोपातल्या 'पार्टनर' अभ्यासांनी २०१६ आणि २०१९ मध्ये आणखी पुढचं दाखवलं : ज्यांचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण, दबलेला होता त्यांच्याकडून, निरोध न वापरताही, जोडीदाराला झालेली एकही लागण आढळली नाही. म्हणजे गोळ्या नीट चालू असलेल्या आणि तपासणीत विषाणू सापडत नसलेल्या माणसाकडून शरीरसंबंधातून लागण होत नाही. हे वाक्य पुस्तकासाठीच्या आमच्या बैठकांत पहिल्यांदा मोठ्यानं वाचलं तेव्हा एका बाईनं विचारलं, 'मग इतकी वर्षं हे कुणी सांगितलं का नाही?' तिनं नवऱ्याला बारा वर्षं जवळ येऊ दिलं नव्हतं.

कुणी सांगितलं नाही, कारण सांगणाऱ्यांना वाटतं लोक बेफिकीर होतील. मला हे पटत नाही. ज्याला कळतं की आपली गोळी आपल्या माणसालाही जपते, तो गोळी चुकवत नाही. अर्थात अट पक्की आहे : वर्षातून एकदा तरी व्हायरल लोड तपासलेला हवा, अहवाल हातात हवा, 'मला बरं वाटतंय' हा पुरावा नव्हे. इतर गुप्तरोगांपासून गोळी वाचवत नाही. आणि अंगावर पाजण्याचा हिशोब वेगळा, तो डॉक्टरांशी बोलूनच करायचा. उपचारच नसतील तर आईकडून बाळाला लागण होण्याचा धोका १५ ते ४५ टक्के असतो. वेळेवर उपचार आणि बाळाला औषध मिळालं तर तो ५ टक्क्यांच्या खाली येतो, पुष्कळदा त्याहून बराच खाली. तालुक्यात अशी कितीतरी मुलं शाळेत जाताहेत ज्यांना स्वतःला काहीच झालेलं नाही.

दुसरी निकड म्हातारपणाची. उपचार नीट चालू असलेल्या माणसाचं आयुष्य जवळजवळ इतरांएवढंच असतं, आणि म्हणून इतरांचे आजारही त्याच्या वाट्याला येतात, थोडे लवकर. हृदय, मूत्रपिंड, हाडं, साखर, विस्मरण, उदासपणा. डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात असं दिसलं की उपचारावर असलेल्या माणसाची जितकी वर्षं एचआयव्हीमुळे जातात त्याहून जास्त धूम्रपानामुळे जातात. आपल्याकडे बिडीच्या जोडीला गायछाप आणि बायकांची मशेरी. एआरटी केंद्रात गोळ्या मोजल्या जातात, मशेरीची डबी कुणी मोजत नाही. एचआयव्ही असलेल्या स्त्रीला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका इतरांच्या कित्येक पट असतो; तपासणी साधी असते, पण ती करून घ्या म्हणून तिला कुणीतरी सांगायला लागतं. टीबी तर आपल्या भागात दाराशी उभाच. आणि पाणी. मनमाडला नळाला पंधरा-वीस दिवसांनी पाणी येण्याची वर्षं लोकांनी काढली आहेत. पिंपात साठवलेलं पाणी पिऊन लागलेली हगवण, सीडी-४ कमी असलेल्याला दवाखान्यात पोचवू शकते. आहाराच्या प्रकरणात म्हणूनच सफरचंद आणि ड्रायफ्रूट शोधू नका. तिथे बाजरीची भाकरी, मटकी, हुलगे, शेंगदाणे आणि उकळलेलं पाणी आहे.

तिसरी गोष्ट लपवण्याची, आणि माझ्या मते सगळ्यात अवघड तीच. गोळी घ्यायला दहा सेकंद लागतात. लपवायला दिवस पुरत नाही. प्लास्टिकच्या बाटलीत तीस गोळ्या पिशवीतून नेताना खुळखुळतात, म्हणून बायका आत कापूस कोंबतात. लेबल सोलून टाकतात. कुणी गोळ्या बीपीच्या जुन्या डबीत भरतं, कुणी ज्वारीच्या डब्यात तळाला ठेवतं, आणि पाहुणे आठ दिवस राहिले की गोळ्या आठ दिवस चुकतात. एसटीत एचआयव्ही असलेल्यांना मोफत प्रवासाची सवलत आहे. ती घ्यायची तर कार्ड कंडक्टरला दाखवायचं, आणि कंडक्टर असतो शेजारच्या गावचा. बरीच माणसं मुकाट्यानं पूर्ण तिकीट काढतात. तालुक्याच्या दवाखान्यात ओळखीचं कुणी भेटेल म्हणून लांबच्या केंद्रात नाव घालणारेही आहेत. हे सगळं आकडेवारीत 'गोळ्या घेण्यात अनियमित' या एका रकान्यात बसतं.

ऊसतोडीला जाणाऱ्यांचा तिढा याच जातीचा. पाच-सहा महिने घराबाहेर, आज या कारखान्याच्या फडावर तर उद्या त्या. एका वेळी तीन महिन्यांच्या गोळ्या देण्याची पद्धत कोविडच्या काळात रुळली, तिनं बराच भार हलका केला. पण कोपीत पावसानं भिजलेल्या गोळ्यांचं काय करायचं, मुकादमाला काय सांगायचं, याची उत्तरं नियमावलीत नाहीत. ती ज्यांनी हे केलं त्यांच्याकडेच आहेत, आणि इथे त्यांच्या शब्दांत दिली आहेत. पुरवठाही गृहीत धरता येत नाही. २०२२ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात औषधांचा तुटवडा झाला तेव्हा एचआयव्हीसह जगणारी माणसं दिल्लीत नॅकोच्या दारात महिनाभराहून जास्त ठाण मांडून बसली होती. घरात आठवडाभराच्या जास्तीच्या गोळ्या असाव्यात, हा सल्ला पुस्तकात दोनदा आलाय. संपादनात तो तसाच ठेवला.

पुढचं काय? सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं लेनाकापाव्हिरचं इंजेक्शन लागण टाळण्यासाठी फार परिणामकारक ठरलं आहे, आणि ते स्वस्तात बनवण्याचा परवाना मिळालेल्या कंपन्यांत पुण्याची एमक्युअरही आहे. उपचार म्हणून लांब पल्ल्याची इंजेक्शनं काही देशांत वापरात आहेत. बाटलीच नसेल तर लपवायचं काय, हा विचार कुणालाही मोहात पाडील. पण आज, इथे, हातात आहे ती एक गोळी, आणि ती पुरेशी चांगली आहे.

पुस्तक ज्यांनी मिळून केलं त्यांत डॉक्टर आहेत, समुपदेशक आहेत आणि बहुसंख्य गोळ्यांवर असलेली माणसं आहेत. कुणाचंही नाव छापलेलं नाही, गावंही बदलली आहेत. लागण कशी झाली, हा प्रश्न कुठल्याच मुलाखतीत विचारलेला नाही. ज्यांनी आपणहून सांगितलं त्यांचं ठेवलं आहे. मुखपृष्ठावर 'एचआयव्ही' हा शब्द असावा की नाही यावर बरंच भांडण झालं. एकाचं म्हणणं, आपणच लपवलं तर लाज कायम राहील. त्यावर एक आजी म्हणाल्या, 'तुमची लाज जाईल तेव्हा जाईल, मला पुस्तक घरात ठेवायचंय.' मुखपृष्ठ त्यांच्या म्हणण्याप्रमाणे झालं आहे. ज्यांना ते पटलं नाही त्यांचा विरोध आतल्या पहिल्या पानावर छापला आहे.

औषधांचं प्रकरण मुद्दाम शेवटी ठेवलं आहे, कारण सगळ्यात आधी जुनं होईल ते तेच. त्यातली प्रत्येक मात्रा आपल्या केंद्रातल्या डॉक्टरांकडून तपासून घ्यावी. टीबीची औषधं चालू असतील किंवा साखरेसाठी मेटफॉर्मिन घेत असाल तर नक्कीच, कारण त्या दोन्हींत मात्रा बदलाव्या लागतात. पानांच्या कडेला जागा सोडली आहे; पुढच्या तारखा, व्हायरल लोडचे आकडे आणि डॉक्टरांना विचारायचे प्रश्न तिथे लिहिता येतील.